शब्द ऐकू न येता हसवेल असा सगळ्यात विनोदी सिनेमा कोणता?

मशीनरूम

आजवरचा सगळ्यात विनोदी सिनेमा कोणता, यावर इथे दर सहा महिन्यांनी मारामारी होते आणि दर वेळी 'अशी ही बनवाबनवी' जिंकतो, हे माहीत आहे. माझा प्रश्न तोच आहे, अट तेवढी वाकडी आहे. एक शब्द ऐकू आला नाही तरी हसू फुटलं पाहिजे.

येत्या महिन्यात आमच्या आबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरचीच पंचवीस-तीस माणसं, धायरीला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. सकाळचं गुरुजी बघतील, संध्याकाळ माझ्याकडे आहे. भाड्याचा प्रोजेक्टर आणायचा, पांढरी चादर ताणायची आणि आबांची खुर्ची बरोब्बर मधोमध ठेवायची. कारण या माणसाने आयुष्यात एकही सिनेमा पब्लिकमध्ये बसून पाहिलेला नाही. ते सिनेमाच्या मशीनचे ऑपरेटर होते. आधी जत्रेच्या तंबूत, नंतर तालुक्याच्या टॉकीजला, थेट रिटायर होईपर्यंत.

कानांचं म्हणाल तर डॉक्टर म्हणतात वय झालं, आबा म्हणतात जनरेटर. तंबूच्या मागे डिझेलचा जनरेटर, पुढ्यात खडखडणारं मशीन, अशी बरीच वर्षं गेली. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येतं. श्रवणयंत्र घेतलंय, चांगलं महागाचं. ते ड्रॉवरमध्ये असतं. "त्यात समदी भांडी आपटल्यागत वाजतंय," म्हणतात.

एक गोष्ट मला मोठा झाल्यावर कळली. मशीनरूममध्ये आबांना तेव्हाही डायलॉग धड ऐकू येत नसत. एक डोळा मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्यांवर, कारण त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो आणि खाली शिव्या सुरू. दुसरा डोळा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, कारण रीळ संपत आलं की तिथे ठिपका येतो आणि दुसरं मशीन सुरू करायचं असतं. आजही टीव्हीवर जुना सिनेमा लागला की त्यांची नजर अधूनमधून त्या कोपऱ्यात जाते. सिनेमा विनोदी आहे की नाही हे ते ठरवायचे पब्लिकच्या खांद्यांवरून. मागच्या खिडकीतून पाठीच दिसतात ना! "खांदं हाललं पायजेत. नुसत्या शिट्ट्या वाजल्या म्हंजे इनोद न्हवं," हा त्यांचा नियम.

दादा कोंडक्यांचा खेळ असला की तंबूत बायकांच्या बाजूचे खांदे पुरुषांपेक्षा जरा उशिरा हलायचे, हे निरीक्षणही त्यांचंच. आधी शेजारणीकडे बघायचं, ती हसली तर आपण हसायचं.

तर सुचवा. वयोगट ६ ते ८१.

नंदिनी_ठाणे

बनवाबनवीच लावा! खरंच सांगते. साडीतला लक्ष्या बघायला कान कशाला लागतात? ती चाल, तो पदर, ते डोहाळजेवण. आणि संवाद तर गच्चीवरच्या सगळ्यांना पाठ असतील, आबांनाही असणारच. माझा मुलगा न्यू जर्सीत वाढलाय, त्याला मराठीत पत्ता सांगता येत नाही, पण 'सत्तर रुपये' म्हटलं की 'वारले' म्हणतो.

अण्णा_बेळगाव

नंदिनीताई, बनवाबनवीबद्दल दुमत नाही. पण तो सिनेमा शब्दांवर उभा आहे. संवाद वसंत सबनीसांचे. १९७१ चा 'सोंगाड्या'सुद्धा त्यांच्याच लेखणीतला. हा माणूस वगनाट्यातून आलेला. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्याच्या सिनेमातून शब्द काढून घेतलेत तर साडीतले दोन पुरुष उरतात. तेवढं तर शाळेच्या गॅदरिंगलाही असतं.

दादांचंही तेच. ती नाडी लोंबणारी हाफ पँट बघून हसू येतं, नाही असं नाही. पण ते हसू दोन मिनिटांचं. पुढची दोन तास करमणूक त्यांच्या जिभेची, आणि ती ऐकायला कानच हवा. एका वाक्यात दोन वाक्यं असतात आणि दुसरं मोठ्याने सांगताही येत नाही. आबांच्या कानाशी तोंड नेऊन ते कोण ओरडणार, सूनबाई?

मशीनरूम

अण्णा, हसून हसून खुर्ची वाजली. ओरडणारा मीच असणार आणि मला ते जमणार नाही.

नंदिनीताई, करून पाहिलं होतं. मागच्या दिवाळीत टीव्हीवर बनवाबनवी लागला होता. आबा बघत होते, पण पडद्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त. आम्ही हसलो की अर्ध्या सेकंदाने तेही हसायचे. त्यांच्याच तंबूतल्या बायकांसारखे. त्या दिवसापासून हे डोक्यात बसलंय.

कानात_वारा

मी स्वतः दोन्ही कानांना यंत्र लावतो, तेव्हा सिनेमाआधी दोन गोष्टी. एक, गच्चीवर आबांना ते यंत्र लावायला लावू नका. प्रोजेक्टरचा पंखा, वारा, पोरांचा दंगा, सगळं एकाच आवाजात आत येतं. ते भांडी म्हणतात ते अगदी बरोबर आहे. दोन, ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं चेहऱ्यांवरून निम्मं समजून घेतात. नातेवाइकांच्या बाजूला एखादा मंद दिवा राहू द्या. मिट्ट काळोखात आम्ही डबल बहिरे.

माझी यादी छोटी आहे. जाड्या-रड्याचा (लॉरेल-हार्डी) 'द म्युझिक बॉक्स', १९३२. जेमतेम अर्ध्या तासाचा. दोघांनी एक पियानो एका घरी पोचवायचा आहे आणि घर उंच जिन्याच्या टोकाला आहे. बस, एवढीच गोष्ट. बोलपट आहे, पण बोलणं गेलं तरी काही बिघडत नाही. पियानो खाली घसरणार हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना माहीत असतं, पियानोलाही माहीत असतं. विनोदी लघुपटाचं ऑस्कर पहिल्यांदा दिलं गेलं ते यालाच. तो जिना लॉस एंजेलिसमध्ये अजून आहे.

नंदिनी_ठाणे

मग 'पुष्पक' का नको? अख्ख्या सिनेमात एक संवाद नाही! कमल हासन, अमला, १९८७. बर्फाचा सुरा घेऊन फिरणारा टिनू आनंद आठवतोय का?

तिरपा

पुष्पक महान आहे, पण या कामासाठी त्यात एक मेख आहे. संवाद नाहीत, आवाज मात्र भरपूर आहेत, आणि त्यातला सगळ्यात सुंदर विनोद आवाजाचाच आहे. नायकाच्या लॉजला लागून थिएटर असतं. रोज रात्री ढिशूम ढिशूम ऐकत झोपायची सवय. पुढे तो पंचतारांकित हॉटेलात येतो आणि शांततेमुळे त्याला झोपच येत नाही. मग जाऊन थिएटरचा तो गोंगाट टेपवर भरून आणतो आणि लावून झोपतो. ऐकू न येणाऱ्याला काय दिसेल? एक माणूस टेप लावतो आणि झोपतो.

शिवाय शेवट हुरहूर लावणारा. वाढदिवसाच्या संध्याकाळी नको.

चॅप्लिनचंही तसंच. 'गोल्ड रश'मध्ये तो बूट उकडून खातो, बुटाचे खिळे हाडं चोखावीत तसे चोखतो. (बूट ज्येष्ठमधाचा केला होता.) पोरं लोळतील. पण चॅप्लिन मध्येच तुमच्या काळजाला हात घालतो. आबांच्या 'खांदं हाललं पायजेत' या कसोटीवर मी मूकपटांतला नट बस्टर कीटन वर ठेवीन. त्याचा चेहरा ढिम्म हलत नाही, म्हणून आपले खांदे हलतात.

आता नीट ऐका, मशीनरूम. तुमच्यासाठी एकच सिनेमा आहे आणि तो कुणीच सुचवला नाही याचं मला नवल वाटतंय. 'शेरलॉक ज्युनियर', १९२४. पाऊण तासाचा. कीटन त्यात कोण आहे माहितीय? सिनेमाचा ऑपरेटर! मशीन चालू असताना त्याला डुलकी लागते, त्याच्यातून दुसरा कीटन उठतो, खुर्च्यांमधून चालत जातो आणि थेट पडद्यात शिरतो. आत गेल्यावर पडद्यावरची जागा बदलत राहते, हा बिचारा तिथेच. बाकावर बसायला जावं तर बाक गायब आणि रस्त्यावर आपटलेला. समुद्रात सूर मारावा तर बर्फात डोकं रुतलेलं. सगळं शंभर वर्षांपूर्वी, कॅमेऱ्यासमोर मापं घेऊन. यातल्याच एका प्रसंगात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर येऊन त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं. ते कळलं कितीतरी वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर.

इंग्रजी पाट्या थोड्याच आहेत. आपल्याकडे मूकपटांच्या काळात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारी माणसं थिएटरात असत. तुम्ही कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून आबांपुढे धरा. सिनेमा आता कॉपीराइटमधून सुटलाय, फुकट मिळतो.

अण्णा_बेळगाव

तिरपाराव, तुम्ही कधी नव्हे ते कामाचं बोललात.

मशीनरूम

(पाच आठवड्यांनी) वृत्तांत द्यायचा राहिला होता.

पाट्या मुलीने स्केचपेनने ड्रॉइंग पेपरवर लिहिल्या. दिवा ठेवला. श्रवणयंत्र ड्रॉवरमध्येच राहिलं.

आधी जाड्या-रड्या. पियानो पहिल्यांदा घसरला तेव्हा पोरं हसली. दुसऱ्यांदा आत्या हसली. नंतर नुसता जिना दिसला तरी लोक हसत होते. आबा मात्र मधोमधच्या खुर्चीत अवघडल्यासारखे बसलेले, सारखे मागे वळून बघत होते. मला वाटलं पाठ दुखतेय. दहाव्या मिनिटाला उठले, खुर्ची ओढत ओढत मागे नेली आणि प्रोजेक्टरच्या शेजारी लावून बसले. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, "म्होरं बसून पब्लिक दिसत न्हाई."

झालं. माझ्या मधोमधच्या खुर्चीत सिनेमाभर मेव्हणा बसला.

मग 'शेरलॉक ज्युनियर'. सुरुवातीला कीटन थिएटरसमोरचा कचरा झाडतो आणि त्यात त्याला एक डॉलर सापडतो. खिशात आधीचे दोन, म्हणजे तीन झाले. प्रेयसीसाठी हवा असलेला चॉकलेटचा मोठा डबा बरोबर तीनचा. तेवढ्यात एक मुलगी येते, माझा डॉलर हरवला म्हणते, तो देऊन टाकतो. मग एक म्हातारी रडत येते, तिला पदरचा देतो. मग एक दांडगा माणूस येतो. कीटन आपणहून उरलेला डॉलर पुढे करतो, तर तो नको म्हणतो, कचरा उपसतो आणि त्यातून नोटांनी फुगलेलं पाकीट काढून चालू लागतो.

इथे आबांचे खांदे हलले. मी बाजूला पाट्या घेऊन बसलो होतो, प्रत्यक्ष पाहिलं. खेळ सुटल्यावर तंबूतली माती चाळणं हे त्यांचं पोरपणीचं पहिलं काम. दहा पैसे, पाच पैसे, कुणाची जोडवी. सापडलेलं सगळं मालकाकडे द्यायचं असा नियम होता. "समदं दिलं का?" मी कानाशी ओरडून विचारलं. उत्तर आलं नाही.

मशीनरूमचा सीन आला तसे ते पुढे सरसावले. कीटन डुलकी घेऊ लागला आणि आबा एकदम चिडले. खरंच चिडले!

"आरं, मशीन चालू ठिवून झोपतोय व्हय ह्यो? कार्बन कोन बगनार?"

स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्यांना वाटतं ते हळू बोलतात. गच्चीवरची तीसच्या तीस माणसं मागे वळली. पुढची वीसेक मिनिटं कीटन पडद्यात काय वाटेल ते करत होता, मोटारसायकलच्या हँडलवर बसून चालकाशिवाय सुसाट जात होता, आणि आमचं पब्लिक निम्मं त्याला हसत होतं, निम्मं आबांना. कारण त्यांची मागून कॉमेंट्री सुरूच होती. आग लागेल, म्हणत होते. मालक हाकलून देईल, म्हणत होते. तिरपा म्हणतात ती जागा बदलण्याची करामत त्यांनी फक्त मान डोलावून पास केली. "जोड झकास मारलाय," एवढंच.

शेवटी कीटन जागा होतो. प्रेयसी मशीनरूममध्ये आलेली असते आणि याला पुढे काय करायचं ते कळत नाही. मग तो खिडकीतून पडद्यावरच्या हिरोकडे बघतो. हिरो हात धरतो, हा हात धरतो. हिरो अंगठी घालतो, हा अंगठी घालतो. आबा इतके हसले की आई खालून धावत वर आली, तिला वाटलं ठसका लागला. आईने दोनदा विचारलं काय झालं. तिला ते पंचावन्न वर्षांपूर्वीचं काहीतरी सांगू लागले. मोठ्यानेच सांगत होते, पण तेवढ्यात आत्याने "दादा, पोरं हायती!" म्हणून गप्प केलं, त्यामुळे ते आम्हाला कळलंच नाही.

तर माझं मत 'शेरलॉक ज्युनियर'ला. तिरपा, आभार. पण आबांनी एक हिशोब काढलाय आणि उत्तर तुमच्याकडून हवंय. हजार फुटांचं रीळ सेकंदाला चोवीस चित्रांच्या स्पीडने अकरा मिनिटांत संपतं. मूकपट सावकाश, सोळाच्या स्पीडने चालवला तरी फार तर सतरा. ऑपरेटर झोपला होता वीस मिनिटांच्या वर. आबा विचारतात, "मंग मधी रीळ कुनी बदललं?"

तिरपा

शंभर वर्षांत हा प्रश्न कुठल्या समीक्षकाने विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. परत बघून सांगतो.

नंदिनी_ठाणे

आणि ते पंचावन्न वर्षांपूर्वीचं काय होतं, ते आत्याकडून काढून घ्या आधी!