इस्तंबूल २००५ : मिलानच्या पाठीराख्यांना त्या सामन्यातले काय आठवावेसे वाटते?

लालकाळा यांचा प्रश्न :

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या २००५ सालच्या अंतिम सामन्याविषयी आजवर जे लिहिले आणि बोलले गेले, ते जवळपास सगळे लिव्हरपूलच्या बाजूने आहे आणि त्यात वावगे काहीच नाही. मध्यंतराला तीन गोलांनी मागे पडलेला संघ उत्तरार्धात सहा मिनिटांत बरोबरी साधतो आणि पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये करंडक उचलतो, हे रोज घडत नाही. परंतु २५ मेच्या त्या रात्री अतातुर्क ऑलिंपिक स्टेडियमवर दुसराही एक संघ होता आणि १२० मिनिटांपैकी बहुतांश वेळ तोच अधिक देखणा खेळला होता, याचा उल्लेख आता तोंडी लावण्यापुरताच होतो.

मी मिलानचा पाठीराखा आहे. आपण का हरलो, याचा काथ्याकूट वीस वर्षे पुरेसा झाला आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. त्या सामन्यातला असा कोणता क्षण आहे, जो निकाल ठाऊक असूनही तुम्ही आवडीने पुन्हा पाहता? आणि दुसरे असे की, आपला तो पूर्वार्ध खरोखरच इतका उत्कृष्ट होता का, की हरल्याच्या दुःखाने आपण त्याला नंतर सोन्याचा मुलामा दिला?

माझ्यापुरते सांगायचे, तर मालदिनीचा गोल. सामना सुरू होऊन एक मिनिटही झाले नव्हते. लिव्हरपूलच्या त्राओरेने आपल्या काकाला उजव्या बाजूला पाडले, पिर्लोने फ्री किक आत सोडली आणि छत्तिसाव्या वर्षीही संघाचा कर्णधार असलेल्या या बचावपटूने चेंडूचा टप्पा पडू न देता उजव्या पायाने तो जाळ्यात धाडला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे गोल रोखले, त्याच्या नावावर अंतिम सामन्यातला इतक्या झटपट झालेला गोल लागावा, याचा आनंद मला पुढच्या सगळ्या प्रकारानंतरही कमी झालेला वाटत नाही.

‘जो जिंकला तोच शहाणा’ या चालीचे प्रतिसाद कृपया नकोत.

दहा नंबर यांचा प्रतिसाद :

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुलामा वगैरे काही नाही, पूर्वार्ध खरोखरच तसा होता. त्याचा पुरावा म्हणून तिसरा गोल एकटा पुरेसा आहे.

पूर्वार्ध संपायला जेमतेम मिनिटभर उरले असताना मैदानाच्या मध्यभागी पिर्लोकडून चेंडू काकाकडे येतो. त्याची पाठ लिव्हरपूलच्या गोलकडे आहे आणि जेरार्ड त्याच्या अंगावर येतो आहे. काका चेंडू थांबवत नाही. तो चेंडूला येऊ देतो आणि त्याच हालचालीत वळतो, त्यामुळे जेरार्ड त्याच्या मागे राहतो. इथपर्यंतचे कौशल्य दुसऱ्या एखाद्या खेळाडूकडेही सापडेल. त्यानंतर जो पास त्याने दिला, तो मात्र मी आजही थांबवून थांबवून पाहतो. समोर लिव्हरपूलचे बचावपटू कॅराघर आणि हिपिया यांच्यामध्ये एक फट आहे, आणि ती पुढच्या क्षणी बुजणार हे दिसत असतानाच काका जमिनीलगत, तिरका, लांबलचक पास तिच्यातून नेतो. कॅराघर पाय लांबवून घसरतो आणि तरीही चेंडू त्याच्या आवाक्याबाहेरून जातो. पासचा वेग किंचित जास्त असता, तर त्यांचा गोलरक्षक डुडेक याने पुढे येऊन तो उचलला असता. किंचित कमी असता, तर कॅराघरचा बूट लागला असता.

क्रेस्पोने जे केले, ते त्याच तोलाचे होते. एवढा सुरेख पास आल्यावर बहुतेक आघाडीवीर तो आधी पायात घेतात. क्रेस्पोने पहिल्याच स्पर्शात, धावता धावता, डुडेकच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला. पाच मिनिटांपूर्वी शेवचेंकोच्या पासवर त्याने केलेला गोल साधा होता, जागेवर पोहोचण्याचे श्रेय एवढेच. हा मात्र त्या स्पर्धेतला मी पाहिलेला सर्वांत सुंदर गोल आहे, आणि ३-३ झाल्याने त्यातला एक मिलिमीटरही हललेला नाही.

खडू आणि फळा यांचा प्रतिसाद :

‘दहा नंबर’ यांच्या वर्णनाशी पूर्ण सहमत आहे, पण त्या सौंदर्याचे कारण नोंदवले पाहिजे, कारण पुढच्या सहा मिनिटांचे कारणही त्यातच दडलेले आहे.

लिव्हरपूलचे प्रशिक्षक बेनितेझ यांनी सुरुवातीला क्यूएलला आघाडीवीर बारोशच्या मागे खेळवले आणि मधल्या फळीत जेरार्ड व आलोन्सो अशी जोडी ठेवली. दोघेही मूळचे चेंडू खेळवणारे. बचावफळीच्या पुढे ठाण मांडून बसणारा कोणीच नव्हता. आपले प्रशिक्षक अँचेलोत्ती यांची मधली फळी हिऱ्याच्या आकाराची होती : मागे पिर्लो, दोन्ही अंगांना गत्तुसो आणि सीडॉर्फ, शेंड्यावर काका. त्यामुळे लिव्हरपूलच्या दोन फळ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात काका पाऊण तास जवळजवळ एकटा हिंडत होता. त्याला आवरायला जेरार्ड मागे आला, की पिर्लो मोकळा राहत असे. लोक त्याला मिलानची ‘जादू’ म्हणतात. मला तो चुकीच्या मांडणीचा अचूक आणि निर्दय फायदा वाटतो, आणि त्यामुळे माझ्या लेखी त्याचे मोल वाढतेच. शेवचेंकोचा एक गोल ऑफसाइड ठरला नसता, तर मध्यंतराचा फरक आणखी मोठा झाला असता.

मध्यंतरानंतर जखमी फिननच्या जागी हामान आला आणि लिव्हरपूल तीन बचावपटूंनिशी खेळू लागले. हामानने तो पट्टाच बंद केला, काकाची जागा गेली आणि जेरार्डला पुढे जाण्याची मोकळीक मिळाली. आपला हिरा अरुंद असल्यामुळे कडांवर जागा सुटत असे. ५४व्या मिनिटाला रीसेचा पहिला क्रॉस काफूने अडवला, पण चेंडू पुन्हा रीसेकडेच गेला आणि दुसऱ्या क्रॉसवर जेरार्डने हेडर मारला. ५६व्या मिनिटाला श्मित्सरचा लांबून मारलेला फटका आत गेला. ६०व्या मिनिटाला गत्तुसोने जेरार्डला पाडल्यावर आलोन्सोला पेनल्टी मिळाली. ज्या मांडणीने आपल्याला तीन गोल दिले, तिनेच ही दारे उघडी ठेवली होती. त्यामुळे ‘पूर्वार्धातले मिलान खरे आणि ती सहा मिनिटे म्हणजे अपघात’ असे मी म्हणणार नाही.

पाहुणा लिव्हरपूलकर यांचा प्रतिसाद :

मी नावाप्रमाणेच या धाग्यावर पाहुणा आहे, तरीही लिहितो, कारण मूळ प्रश्नात एक गोष्ट निसटली आहे. तुम्ही सगळे पूर्वार्धाबद्दल बोलत आहात. आम्हा लिव्हरपूलवाल्यांना विचाराल, तर मिलानचा खरा दरारा ३-३ झाल्यानंतर जाणवला.

तीन गोलांची आघाडी सहा मिनिटांत गमावलेला संघ साधारणपणे कोसळतो. मिलान कोसळले नाही. त्यानंतरची तीस मिनिटे आणि जादा वेळेची तीस मिनिटे, असा तासभर आमचा संघ बहुतेक वेळ आपल्याच पेनल्टी क्षेत्राभोवती अडकलेला होता. डुडेकच्या हातून चेंडू निसटला, शेवचेंकोने फटका मारला आणि त्राओरेने तो गोलरेषेवरून बाहेर काढला. हा तोच त्राओरे, ज्याला मध्यंतरात तू बाहेर बसणार असे सांगून झाले होते आणि केवळ फिनन जखमी निघाला म्हणून जो मैदानात राहिला. शेवटी सेर्जिन्यो डाव्या कडेवर आला, तेव्हा त्याच्या वेगाला आवर घालण्यासाठी चक्क जेरार्डला उजव्या बाजूला बचावपटू म्हणून जावे लागले. आमच्या कर्णधाराच्या त्या रात्रीच्या कामगिरीत लोक हेडर आठवतात. सेर्जिन्योच्या मागे धावत केलेले ते टॅकल मला जास्त मोलाचे वाटतात.

आणि मग ११७वे मिनिट. सेर्जिन्योचा क्रॉस, शेवचेंकोचा हेडर, डुडेकने तो कसाबसा परतवला, चेंडू पुन्हा शेवचेंकोच्याच पायाशी, गोल अगदी हाताच्या अंतरावर. त्याने जोरात मारला आणि डुडेकचा हात लागून चेंडू बारवरून गेला. मी तो क्षण असंख्य वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला तो गोलच होणार असे वाटते.

मध्यंतरात तुमच्या ड्रेसिंग रूममध्ये विजयोत्सव सुरू झाल्याची कथा आमच्याकडे फार चवीने सांगितली जाते. मिलानच्या खेळाडूंनी ती वारंवार नाकारलेली आहे. त्या शेवटच्या तासाभराचा खेळ पाहता, हा संघ गाफील होता हे मला पटत नाही.

अकरा मीटर यांचा प्रतिसाद :

‘खडू आणि फळा’ यांचे विश्लेषण नेहमीप्रमाणे नेटके आहे, पण आपला गोलरक्षक दिदा याला त्यांनी एका ओळीतही जागा दिली नाही, ही तक्रार नोंदवतो. आलोन्सोची पेनल्टी दिदाने अडवली होती. उजवीकडे झेपावून त्याने चेंडू परतवला; आलोन्सो धावत आला आणि डाव्या पायाने त्याने तो वरच्या जाळीत मारला. त्यानंतर शूटआउटमध्ये दिदाने रीसेलाही रोखले. म्हणजे एका अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक पराभूत संघात आहे आणि त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. श्मित्सरच्या फटक्याला त्याचा हात लागूनही चेंडू आत गेला, तेवढेच सर्वांच्या लक्षात आहे.

शूटआउटबद्दल फार लिहीत नाही. सेर्जिन्योने पहिलीच बारवरून मारली, पिर्लोची डुडेकने अडवली. टॉमासन आणि काका यांनी आपापल्या पेनल्टी निर्धास्तपणे मारल्या, आणि २-३ असताना शेवचेंको पुढे आला. दोनच वर्षांपूर्वी मँचेस्टरमध्ये युव्हेंटसविरुद्ध करंडक मिळवून देणारी शेवटची पेनल्टी त्यानेच मारली होती, त्यामुळे त्याला शेवटी ठेवण्याचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. डुडेक रेषेवर नाचत होता, तेवढे नियमात बसते. पण पिर्लोच्या वेळी तो रेषा सोडून बराच पुढे आला होता. आजच्या काळात ती पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली असती. हे रडगाणे आहे हे मला मान्य आहे, तरी चित्रफीत पाहून कोणीही खात्री करून घ्यावी.

लालकाळा यांचे उत्तर :

सर्वांचे आभार, विशेषतः ‘पाहुणा लिव्हरपूलकर’ यांचे. जादा वेळेतला खेळ मी अनेक वर्षे टाळत आलो होतो. त्यांचा प्रतिसाद वाचून तो काल सलग पाहिला. डुडेकच्या त्या दुहेरी बचावाआधी रुई कोस्टा मैदानात आला होता, हेही मी विसरून गेलो होतो. बरोबरी झाल्यानंतरही आपण निवांत, आखून, दोन्ही कडांनी चाल करत होतो, हे मला नव्याने दिसले. ‘खडू आणि फळा’ यांचा मुद्दा मला पटतो, मात्र त्याला एक पुरवणी जोडतो : सेर्जिन्यो आल्यावर आपल्या मांडणीतली ती अरुंदपणाची उणीव बरीचशी भरून निघाली होती. तो ८६व्या मिनिटाऐवजी ६५व्या मिनिटाला आला असता, तर कदाचित हा धागाच निघाला नसता.

‘अकरा मीटर’ यांच्या दिदाविषयीच्या तक्रारीला माझे अनुमोदन आहे. डुडेकच्या रेषेविषयीच्या तक्रारीलाही आहे, पण ते दबक्या आवाजात.

कोणी तरी २००७ची आठवण काढेल असे वाटले होते, म्हणून मीच काढतो. २३ मे २००७ रोजी अथेन्समधल्या अंतिम सामन्यात त्याच लिव्हरपूलला इन्झागीच्या दोन गोलांच्या जोरावर आपण २-१ असे हरवले आणि फिट्टंफाट झाली, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. दिदा, नेस्ता, मालदिनी, गत्तुसो, पिर्लो, सीडॉर्फ आणि काका हे सात जण दोन्ही सामन्यांत सुरुवातीपासून खेळले, त्यांचा हिशेब चुकता झाला. शेवचेंको तोवर चेल्सीला गेला होता, तरी त्याच्याकडे २००३चे पदक होते. आपला बचावपटू स्टाम याच्याकडे मँचेस्टर युनायटेडकडून मिळवलेले १९९९चे होते. क्रेस्पोला मात्र चॅम्पियन्स लीग पुढे कधीच जिंकता आली नाही. त्या मोसमात बाद फेरीत मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत प्रत्येकी एकमेव गोल त्याने केला, अंतिम सामन्यात दोन केले, आणि ८५व्या मिनिटाला बदली खेळाडूसाठी बाहेर गेल्यामुळे शूटआउटमध्ये त्याला पेनल्टी मारायलाही मिळाली नाही. पाचव्या क्रमांकावर तो असता, तर काय झाले असते, यावर कोणाला लिहायचे असल्यास अवश्य लिहावे. माझे मत मी आधीच सांगितले, तर चर्चा एकतर्फी होईल.