मदत हवी आहे: शटरचा जुना टीव्ही ठाण्यात कोण दुरुस्त करेल?

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जातेय, म्हणून यंदाचा मे महिना माळा रिकामा करण्यात चाललाय. आज सकाळी जांभळी नाक्यावरून मिरच्या आणल्या, रद्दी दिली आणि दुपारच्या शांततेत बाबांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही खाली उतरवला. लाकडी पेटी, दोन्हीकडे सरकणारं शटर. पट्ट्या अजून सुरळीत सरकतात आणि वरच्या कोपऱ्यात आईने दसऱ्याला लावलेलं हळदी-कुंकू पुसट दिसतं. हा भंगारात द्यायला मन धजत नाही.

प्लग अजून लावलेला नाही. इतकी वर्षं बंद राहिलेल्या सेटमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असू शकतात, एकदम पूर्ण वीज दिली तर फुटू शकतात. मागचं झाकणही उघडू नका असं घरात सगळ्यांना बजावलंय, कारण पिक्चर ट्यूबमध्ये वायर काढल्यावरही उच्च दाबाची वीज साठून राहू शकते.

ठाणे, कळवा किंवा मुलुंडला पिक्चर ट्यूबवर हात बसलेला, घरी येणारा कोणी जुना मेकॅनिक माहीत आहे का? सेटला फक्त अँटेनाचं सॉकेट आहे, म्हणजे सेट-टॉप बॉक्स जोडायला आरएफ मॉड्युलेटर (बॉक्समधलं चित्र-आवाज अँटेनाच्या सॉकेटमधून टीव्हीला देणारी डबी) लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो हल्ली कोणाला मिळालाय का?

दुरुस्त होणारच नसेल, तर अधिकृत ई-कचरा घेणारे सुचवा. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ती कुठेतरी फोडून टाकलेली नकोय. जूनच्या आत जागा सोडायची आहे.