रानातले पिल्लू आणि घरची मनी: दार नसलेल्या घरात दोघांची ओळख कशी करून द्यावी?

वेचणीवाला (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमचे घर गावाच्या टोकाला, शेताला लागून आहे. गेल्या आठवड्यात कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या वेळी धुऱ्यावर रचून ठेवलेल्या जुन्या पऱ्हाट्यांच्या ढिगात मांजराचे एक पिल्लू सापडले. आई परत येईल म्हणून त्याला हात न लावता आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली, परंतु ती आली नाही, आणि पिल्लू ओरडून ओरडून थकले तेव्हा त्याला घरी आणले. किराणा दुकानाच्या काट्यावर ते 620 ग्रॅम भरले. डोळे अजून निळसर आहेत. हात जवळ नेला की अंग फुगवून फिसकारते, आणि काल उचलताना त्याने मुलाच्या मनगटावर ओरखडा काढला. थोडे रक्त आले, त्यावर घरच्यांनी हळद लावली.

आमच्याकडे मनी नावाची चार वर्षांची मांजर आहे. माजघरातल्या तुरीच्या पोत्यांवर तिचे राज्य आहे. पिल्लाचा वास आल्यापासून ती गुरगुरते, खाणे उरकते आणि थेट कवेलूंवर जाऊन बसते. सर्वत्र असे वाचले की नव्या पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवून दार बंद करावे. आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीला दारच नाही, आणि भिंत आढ्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे मनी वरून हवी तिकडे जाते. सध्या पिल्लू ओसरीत कोंबड्यांच्या डालग्याखाली आहे. गाईचे दूध देतो, पण दोन दिवसांपासून त्याला पातळ होत आहे. अशा घरात हे जमवावे कसे?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (वर्धा जिल्हा)

आधी मुलाचे पाहा, मांजरांचे नंतर. रक्त आलेला ओरखडा रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा, हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नका, आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कातडीत देण्याच्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात. या श्रेणीत जखमेच्या जागी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. ते केंद्रात नसल्यास मोठ्या रुग्णालयात पाठवतात, तिथे जाण्याचा कंटाळा करू नये. पिल्लावर 10 दिवस लक्ष ठेवायचे असते हे खरे, परंतु म्हणून लस थांबवायची नसते. नोकरीच्या काळात ‘पिल्लूच तर आहे’ हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकले आहे की आता ते ऐकले तरी धसका बसतो.

आता पिल्लू. लहान वयात त्याचे वजन आठवड्याला साधारण 100 ग्रॅमने वाढते, म्हणून आपले पिल्लू सुमारे सहा आठवड्यांचे असावे. डोळ्यांचा निळेपणाही तेच सांगतो. माणसाची सवय सर्वांत सहज लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, तेव्हा आपल्या हाती थोडेच दिवस आहेत. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटे, जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांत न पाहता, बोटाला उकडलेल्या कोंबडीचा लगदा माखून पुढे करावा. गाईचे दूध बंद करा, त्यातली साखर त्याला पचत नाही. पातळ होणे दुसऱ्या दिवशीही थांबले नाही, किंवा ते मलूल झाले, तर दवाखान्यातच न्यावे. घरी मांसाहार होत नसेल तरीही त्याला वरण-भातावर ठेवता येणार नाही, कारण टॉरिन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळतो आणि त्याच्या अभावी डोळे व हृदय निकामी होत जातात.

दोघांना किमान 14 दिवस वेगळे ठेवण्याचे कारण भांडण एवढेच नाही. मांजरांचा पार्व्हो हा जीवघेणा आजार घरात शिरला तर त्याचा विषाणू जमिनीत आणि भांड्यांवर वर्षभर टिकू शकतो. मनीला लस दिलेली नसेल तर ती आधी द्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्यापूर्वी मांजरांची लस उपलब्ध आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पिल्लाची जागा फिनाईलने पुसू नका, ते मांजरांना विषारी आहे. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिन असलेले गोचिडांचे औषधही पिसवांसाठी वापरू नका. त्याने मेलेली मांजरे मी पाहिली आहेत.

तणस (भंडारा जिल्हा)

दार नसलेले घर आमचेही आहे, म्हणून लिहिते. भाऊ, आपल्याकडे कूलर असेलच, आणि या दिवसांत तो कोपऱ्यात उभा असेल. त्याची मोटर, पंखा आणि वायर पूर्ण काढून घ्यावी, तिन्ही बाजूंच्या ताट्यांतला जुना भुसा काढून जाळ्या तशाच पुन्हा बसवाव्यात, आणि पंख्याच्या भोकाला कोंबडीजाळी तारेने घट्ट बांधावी. खालच्या टाकीत गोणपाट अंथरले, एका कोपऱ्यात पसरट टोपल्यात रेती ठेवली आणि लपायला एक खोके आडवे टाकले की पिल्लाचे घर तयार होते. पत्र्याच्या कडा हाताने चाचपून घ्याव्यात, त्या कापतात. डालग्यापेक्षा हे बरे, कारण डालग्याच्या फटीतून मोठ्या मांजराचा पंजा सहज आत जातो.

सुरुवातीला कूलर मनीच्या वाटेपासून दूर ठेवून त्याभोवती जुने लुगडे गुंडाळावे. मांजराची ओळख आधी नाकाने होते. धोतराचा एक तुकडा मनीच्या गालांवरून फिरवून पिल्लाच्या खोक्यात ठेवावा, आणि पिल्लाच्या अंगावरून फिरवलेला दुसरा तुकडा मनीच्या ताटलीखाली. पहिल्या दिवशी आमच्या बोक्याने ताटलीकडे पाठ फिरवली. पाचव्या दिवशी तो त्याच तुकड्यावर पाय ठेवून मासळी खात होता. असे झाल्यावर लुगडे दोन बोटे वर उचलावे आणि दोघांना एकाच वेळी, पण पाच-सहा हातांवरून जेवू घालावे. खाणे थांबवून एकटक पाहणे, कान मागे पाडणे, शेपटी फुगवणे, यांपैकी काही दिसले तर ताटली पुन्हा मागे न्यावी. नुसते फिसकारणे मनावर घेऊ नये, ती त्यांची बोलण्याची रीत आहे.

कूलरची बाजू उघडायच्या दिवशी हाताशी पाखडायचे सूप ठेवा. जुंपली तर दोघांच्या मध्ये सूप घालायचे, हात कधीच नाही.

कुटार (अमरावती जिल्हा)

एवढा खटाटोप गोठ्यातल्या मांजरांसाठी कोणी करत नाही. आमच्या गोठ्यात पिढ्यान् पिढ्या मांजरी राहत आल्या आहेत. नवे पिल्लू आले की आठ दिवस आरडाओरडा होतो आणि मग ती आपापल्या जागा वाटून घेतात. माणसाने मध्ये पडूच नये, असे माझे मत आहे.

तणस (भंडारा जिल्हा)

कुटारभाऊ, गोठा मोठा असतो आणि तिथे पळायला दहा वाटा असतात, म्हणून तिथे ते जमून जात असेल. दोन खोल्यांच्या घरात पळायची वाट एकच, घराबाहेरची. बोक्याच्या आधीची आमची मांजर अशाच एका पिल्लामुळे घर सोडून गेली. आठवडाभर ती शेजारच्या तणसाच्या ढिगावर दिसायची, हाक मारली तर बघायची, पण येत नव्हती. नंतर दिसलीच नाही. पिल्लाला सरळ तिच्या ताटलीजवळ नेऊन सोडले होते, हे माझ्या हातून झाले. शिवाय पिल्लू मादी असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, तेव्हा ऑपरेशनचे आत्ताच विचारून ठेवलेले बरे.

वेचणीवाला (यवतमाळ जिल्हा)

आज 24 वा दिवस आहे. मुलाची तीन इंजेक्शने झाली, चौथे पुढच्या आठवड्यात आहे; इम्युनोग्लोब्युलिनसाठी जिल्ह्याला जावे लागले. दूध बंद केल्यावर दोन दिवसांत पोट सुधारले. मनीला लस दिली, पिल्लालाही पहिला डोस मिळाला. ते मादी आहे आणि आता 950 ग्रॅम भरते. मुलाच्या मांडीवर येते, माझ्या अजून येत नाही.

कूलरची युक्ती लागू पडली. मात्र सतराव्या दिवशी मी घाई करून लुगडे एकदम पूर्ण काढले, मनीने जाळीवर झेप घेतली आणि आम्हाला पुन्हा दोन बोटांपासून सुरुवात करावी लागली. काल सकाळी एक बाजू उघडली. मी सूप धरून बसलो होतो. मनी आली, आधी पिल्लाच्या ताटलीतले सगळे खाऊन टाकले आणि मग वळून निघाली. पिल्लाने तिच्या हलत्या शेपटीवर उडी घेतली, तेव्हा तिने त्याला एक चापट दिली, पण नखे आत ठेवून. रात्री पाहिले तर मनी तुरीच्या पोत्यांवर होती आणि पिल्लू मधले एक पोते सोडून पलीकडच्या पोत्यावर. पिल्लाने सुपावर मात्र दोनदा लघवी केली आहे, त्यामुळे घरच्यांनी मला नवे सूप आणायला सांगितले आहे.