मदत हवी आहे: दारू सुटल्यावरची ओढ आईला कशी समजावू?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ दीड महिन्याने व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. काल ग्लासांचा किणकिणाट ऐकला आणि त्याचा हात थरथरायला लागला. आई म्हणते, "मनावर घे, झालं!"

मी उंदरांवरचा २००१ चा प्रयोग वाचला. पट्टी दाबली की दिवा लागायचा, सूर वाजायचा, कोकेन मिळायचं. मग कोकेन बंद केलं. तरी नुसत्या दिव्या-सुरासाठी पट्टी दाबणं ६० दिवसांपर्यंत कमी होण्याऐवजी वाढत गेलं! मग याला मनाचा कमकुवतपणा कसं म्हणायचं?

दारू सोडलेल्या माणसांतही असं दिसतं का? ही ओढ कधी ओसरते? काचेचे ग्लास मी माळ्यावर टाकलेत, एवढं पुरेल का? मेंदूविज्ञान किंवा मानसोपचारातलं कुणी असाल तर आईला कळेल अशा मराठीत सांगा, प्लीज.