लेकराशी घरात गोंडी बोलावी की फक्त मराठी?

धानोऱ्याची लेक
माझं माहेर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं, गोंडी बोलणारं. सासर आरमोरीकडचं, झाडीबोलीचं, म्हणजे इकडच्या मराठीचं. मुलगी अंगणवाडीत जाते. मी तिच्याशी गोंडीतच बोलते. सासूबाई म्हणतात, पोरगी शाळेत मागे पडेल, आता मराठीच बोल. त्या मायेनंच सांगतात. पण माझ्या आईला मराठी मोडकंतोडकंच येते. मोहफुलं वेचता वेचता ती नातीला पेनाच्या, म्हणजे आमच्या देवाच्या, गोष्टी सांगते, कोणत्या घरांशी आपली सोयरीक होत नाही ते सांगते. हे मराठीत कोण सांगेल? मी गोंडी सोडणार नाही. तुमचं काय मत?

कुरखेड्याचे गुरुजी
बाई, सासूबाईंचं ऐका. मी वर्षानुवर्षं पहिली-दुसरी शिकवली. गोंडी घरातलं लेकरू सुरुवातीला पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा विचारू शकत नाही. हुशार असूनही गप्प बसते. गोंडी द्रविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली; मराठीशी तिचा मेळ नाही, म्हणून कानावर पडून आपोआप समजत नाही. पुस्तक मराठीत, परीक्षा मराठीत. सोसावं लागते ते लेकराला.

रानवाट
गुरुजी, मग दोष लेकराचा की शाळेचा? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा, असं घटनेचा अनुच्छेद ३५० क १९५६ पासून सांगतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते. आसामातली बोडो बोलणारे त्याच्या निम्मेच, तरी २००३ च्या घटनादुरुस्तीनं बोडो आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत आली. गोंडी अजून बाहेरच. धानोऱ्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं गोंडीतून शिकवणारी शाळा काढून दाखवली. आईनं तोंड मिटायचं आणि सरकारनं निवांत राहायचं, हा कुठला न्याय?

कुरखेड्याचे गुरुजी
तुमचा राग मला पटतो. पण माझ्या वर्गात गोंडीचं एकही पुस्तक नाही. जूनमध्ये पहिलीत बसणारी पोर अनुसूची बदलेपर्यंत थांबेल का?

सालेकसा
माझे बाबा गोंड, आई मराठी. बाबांनी आमच्याशी मराठीच धरली. शाळेत मला अडचण आली नाही, नोकरीही लागली. तेवढ्यापुरतं गुरुजींचं बरोबर. पण आजी शेवटच्या आजारपणात काय दुखते ते गोंडीत सांगायची आणि मला चुलतभावाला बोलवावं लागायचं. माघ पौर्णिमेला कचारगडला गोंडांच्या जत्रेत सगळे नातेवाईक भेटतात, तिथंही मी नुसती मान हलवतो. बाबांवर राग नाही, पण हे भरून निघत नाही.

आरमोरीची काकू
भाषेचं एक वेळ चालेल. देव वेगळे, रीतीभाती वेगळ्या, त्याचं काय? पोरगी कोणाचीच राहणार नाही. एक घर ठरवा.

धानोऱ्याची लेक
काकू, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत ती आरमोरीच्या आजोबांच्या खांद्यावर बसून रात्रीचं नाटक पाहते. पेनाच्या पूजेला माझ्या बाबांसोबत जाते. तिला दोन्ही घरं आपलीच वाटतात. ठरवायची घाई मोठ्यांनाच आहे.
गुरुजी, पहिलीत कोणते शब्द अडतात ते लिहून द्या. तिचे बाबा रोज तिच्याशी मराठीत बोलतात, ते करून घेतील. माझी गोंडी मात्र चालूच राहील.

कुरखेड्याचे गुरुजी
शब्द आजच लिहून देतो. रोज संध्याकाळी तिच्यासमोर मराठी चित्रांचं पुस्तक उघडा, एवढं तरी करा. बाकी माझं मत बदललेलं नाही.