डायमधून काढलेली पुंगळी चेंबरमध्ये अधिकच घट्ट का होते?

भुसावळकर (सध्या टेक्सास):
मी मूळचा भुसावळचा असून नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये राहतो. येथे काडतुसे घरी पुन्हा भरण्यास मुभा असल्यामुळे माझ्या पॉइंट ३०८ विंचेस्टर बोल्ट रायफलच्या वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी कवचे) मी फुल-लेंग्थ डायमधून, म्हणजे पूर्ण पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून काढतो. अडचण अशी की, माझ्याच रायफलमधून उडालेली पुंगळी डायमध्ये घालण्यापूर्वी चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) सहज जाते. डायमधून काढल्यावर मात्र बोल्टची (चेंबर मागून बंद करणाऱ्या अडसराची) मूठ शेवटच्या बोटभर अंतरात अडते आणि तळहाताने दाबल्याशिवाय खाली येत नाही. कम्पॅरेटर (हे माप घेण्याचे साधन) लावून मोजले असता तळापासून खांद्यापर्यंतचे, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तेथपर्यंतचे माप आधी १.६३० इंच होते, ते नंतर १.६३४ इंच भरले. दाबून लहान करायला घातलेली वस्तू वाढते कशी? डाय सदोष समजून बदलून घ्यावी काय?

टूलरूमवाले नाना (वरणगाव):
रामराम. डाय बदलू नका, ती थोडी खाली घ्या. आमच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत टूलरूमला आयुष्य गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बार उडताना पुंगळी चेंबरच्या भिंतीला टेकेपर्यंत फुगते आणि दाब ओसरल्यावर केसभर मागे येते, म्हणूनच तुमची उडालेली पुंगळी चेंबरमध्ये सहज जाते. डायमध्ये घातल्यावर प्रथम तिचे अंग आवळले जाते, खांदा नाही. कणकेचा गोळा मुठीत आवळला की तो अंगठ्याजवळून वर येतो. तसेच अंग आवळल्यावर पितळ वर सरकते आणि खांदा पुढे ढकलला जातो. डायचा आतला खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडला, तरच तो मागे बसतो. तुमची डाय त्याआधीच थांबते आहे. प्रेसचा (डाय बसवलेल्या दाबयंत्राचा) दांडा पूर्ण ओढून धरा आणि डाय व शेल होल्डर (पुंगळीचा तळ धरणारा भाग) यांच्या मधून उजेड दिसतो का, ते पाहा.

आता हिशेब. या डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात डाय सुमारे ७१ थाऊ उतरते (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुम्हाला १.६३४ वरून १.६२८ वर यायचे आहे, म्हणजे ६ थाऊ. घड्याळाच्या तासकाट्याने एका तासात कापावे तेवढेच डायला फिरवायचे. मात्र तेवढे एकदम फिरवू नका, कारण बोल्ट रायफलसाठी उडालेल्या मापापेक्षा १ ते २ थाऊ मागे एवढेच पुरते. खांदा उगाच जास्त मागे नेला, तर प्रत्येक बारात पुंगळी पुन्हा ताणली जाते, तळाच्या किंचित वर भिंत पातळ होते, तेथे बाहेरून चकचकीत रेघ उमटते आणि एक दिवस पुंगळी तेथूनच तुटते. तारेचे टोक वाकवून आतून फिरवल्यास ती खाच नखाला लागावी तशी हाताला कळते. अशी पुंगळी सरळ मोडीत टाकावी.

तापीकाठ (अमळनेर):
नानांचे म्हणणे बरोबर आहे, तरी मानेची लांबीही मोजून घ्यावी. पूर्ण पुंगळी २.०१५ इंचांपेक्षा लांब झाली असेल, तरी बोल्ट असाच अडतो, आणि तो दोष डाय खाली घेऊन जात नाही. मान कापावीच लागते. नेमके कोठे घासते, हे पाहण्यासाठी रिकाम्या पुंगळीवर मेणबत्तीची काजळी धरून बोल्ट एकदा बंद करावा. खांद्यावरची काजळी पुसली गेली, तर दोष खांद्याचा. मानेच्या टोकाची गेली, तर लांबीचा.

वकीलभाऊ (धुळे):
हे वाचून येथे कोणी प्रेस मागवू नये, म्हणून लिहितो. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार आपल्याकडे दारूगोळा तयार करण्यास वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही.

भुसावळकर (सध्या टेक्सास):
नाना, उजेडाची फट खरोखरच होती. काजळीही खांद्यावरचीच गेली आणि लांबी २.००९ इंच भरली. तीन वेळा थोडे थोडे करत डाय तासाभराएवढी खाली घेतली, तेव्हा माप १.६२९ वर आले आणि मूठ आपल्या वजनाने खाली पडली. मात्र सहा वेळा वापरलेल्या पुंगळ्या त्याच डायमधून १.६३१ वरच निघतात.

टूलरूमवाले नाना (वरणगाव):
त्या पुंगळ्या कडक झाल्या आहेत. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे हे पितळ वारंवार ठोकले-दाबले की कडक होते आणि दाब सुटताच जास्त उसळून परत येते. तांबट भांडे घडवताना मध्येच ते पुन्हा भट्टीत का घालतो, ते आठवा. फक्त मान आणि खांदा तापवून नरम करता येतो, मात्र तळाला आच लागता कामा नये, कारण सारा दाब तोच पेलतो. सवय नसेल, तर त्या वेगळ्या काढून ठेवा आणि त्यांच्यासाठी लावलेली डाय नव्या पुंगळ्यांना वापरू नका.