मदत हवी आहे: बर्फाच्या खड्ड्यात कच्चा थर सापडलाय, पुढे जायचं की नाही?

मंडळी, स्की टूरिंग (स्की लावून डोंगरात चढ-उतार करणं) करणाऱ्या जाणकारांनी जरा सांगा, हिमस्खलनाची भीती वाटतेय. चार दिवसांपूर्वी भरपूर बर्फ पडला, सोबत जोराचा वारा, आणि काल आम्ही तिघं जवळपास सपाट जागेवरून चाललो होतो तर पायाखाली धप्पकन दबका आवाज आला आणि स्कीच्या टोकापासून बर्फात लांबलचक चीर धावत गेली. काळजात धस्सच झालं.

तिथेच थांबलो, कमी उताराची जागा बघून खड्डा खणला तर साधारण 50 सेंटीमीटर खाली साखरेसारखे सुटे दाणे, मुठीत दाबले तरी गोळा होईना, नुसते बोटांतून गळत होते. 30 बाय 30 सेंटीमीटरचा बर्फाचा खांब कापून कॉम्प्रेशन टेस्ट केली (खांबावर टपल्या मारून कच्चा थर कधी तुटतो ते बघायचं), कोपरातून मारलेल्या तिसऱ्याच टपलीला वरचा थर अख्खा पुढे सरकला.

हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका 5 पैकी 3 आहे. जोडीदार म्हणतो मधलाच आकडा आहे, जाऊया. मला अजिबात पटत नाही. बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं सगळं आहे हो, पण माणूस गाडला गेला की 15 मिनिटांनंतर वाचायची शक्यता झपाट्याने घसरते.

तर 30 अंशांखालच्या उतारावरूनच गेलो तर चालेल का? पण वर 35-40 अंशांचा उतार आहे, त्यावरचा बर्फ आम्ही खालून गेलो तरी आमच्या वजनाने सुटू शकतो ना, मग त्याच्यापासून किती लांब राहायचं? आणि असा साखरेसारखा थर घट्ट बसायला तुमच्या अनुभवात किती आठवडे लागतात?